पैसे आमचे, जीभ मंडळाची

आयपीएल मोबाइलवर बघायला पैसे पडू लागले तेव्हापासून चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दोन गट भांडताना दिसतात. एक म्हणतो, क्रिकेट आमचं आहे, ते फुकटच दिसलं पाहिजे. दुसरा म्हणतो, हॉटेलात जेवायला पाचशे मोजता, मग सामन्यासाठी दीडशे द्यायला काय धाड भरली? फुकटेपणा सोडा.

मला दोघांचंही पटत नाही. पैसे द्यायला माझी हरकत नाही. मैदानावर कॅमेरे लावावे लागतात, ते चालवणाऱ्यांना पगार लागतो, सर्व्हरचा खर्च असतो. मेहनतीचा मोबदला द्यावा, यात वाद नाही. पण पैसे दिले की माणूस गिऱ्हाईक होतो आणि गिऱ्हाईकाला मालाबद्दल विचारायचा हक्क असतो. इथे उलटं घडतंय. आपण वर्गणी भरतो, तरी आपल्यालाच जाहिरातदारांना विकलं जातं. आणि सामना चालू असताना आपल्या कानाशी जो माणूस बोलत असतो, तो आपल्या वतीने बोलत नाही. त्याचा करार ज्याच्याशी आहे, त्याच्या वतीने बोलतो. भांडायचंच असेल तर या मुद्द्यावर भांडायला हवं.

आधी 'फुकट' या शब्दाचा हिशेब करू. क्रिकेट आपल्याकडे पूर्ण फुकट कधीच नव्हतं. जुन्या लोकांना आठवत असेल, घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात परवान्याचं शुल्क भरावं लागे. टीव्हीचंही तसंच होतं. १९८०च्या दशकात ते शुल्क गेलं, पण आकाशवाणी आणि दूरदर्शन करदात्यांच्या पैशावरच चालत राहिले. म्हणजे पैसे आपण देत होतो, फक्त सामन्यागणिक कुणी हात पुढे करत नव्हतं. गंमत अशी की, तेव्हा क्रिकेटचं प्रक्षेपण हा सोन्याचा धंदा आहे हे खुद्द क्रिकेट मंडळालाही उमगलेलं नव्हतं. सामना दाखवायचा तर दूरदर्शनच मंडळाकडे पैसे मागत असे!

हे चित्र पालटलं १९९३ मध्ये. बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो कपचे प्रक्षेपण हक्क एका परदेशी कंपनीला दिले आणि सरकारशी जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते, आपल्या महाराष्ट्राचे. निकालाचं सार असं : प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. आणि ती सरकारच्या हातून काढून खासगी धनदांडग्यांच्या हाती सोपवणं, हाही उपाय नव्हे. तिचा वापर लोकांच्या हितासाठी, सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली व्हावा.

निकालाचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. सरकारची मक्तेदारी गेली, खासगी वाहिन्या आल्या. दुसरा भाग सोयीने विसरला गेला. आज मोबाइलवर सामना येतो तोही हवेतूनच येतो. त्या लहरींचा सरकार लिलाव करतं, कारण त्या देशाच्या मालकीच्या आहेत. म्हणजे रस्ता आपला, त्यावरून धावणाऱ्या गाडीचं तिकीट आपण काढायचं, आणि गाडी कुठे थांबणार, किती वेळ थांबणार हे विचारलं की "जमत नसेल तर उतरा" हे उत्तर ऐकायचं.

आता बाजाराचा खेळ बघा. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे हक्क १६,३४७ कोटी रुपयांना गेले होते. २०२३ ते २०२७ साठी ते ४८,३९० कोटींना गेले. ४१० सामन्यांत भागा, एका सामन्याला सुमारे ११८ कोटी पडतात. एवढा पैसा ओतणारा माणूस दानधर्म करायला बसलेला नसतो. तरीही २०२३ आणि २०२४ मध्ये जिओसिनेमावर आयपीएल फुकट दाखवली गेली. त्याआधी २०२२चा फुटबॉल विश्वचषकही तसाच दाखवला होता. समोरच्या दुकानदाराने, म्हणजे हॉटस्टारने, मग २०२३चा क्रिकेट विश्वचषक मोबाइलवर फुकट करून टाकला. गिऱ्हाईक खूश. दोन दुकानं भांडत होती तोवर माल स्वस्त होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही दुकानं एक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं आणि आयपीएलला वर्गणी लागली. टीव्हीवरची आयपीएल, मोबाइलवरची आयपीएल, भारतीय संघाचे मायदेशातले सामने आणि आयसीसीच्या स्पर्धा, सगळं एकाच छताखाली आलं. विलीनीकरणाला मंजुरी देताना स्पर्धा आयोगाने कंपन्यांकडून हमी घेतली, ती क्रिकेटच्या जाहिरातींच्या जागा एकत्र बांधून विकू नयेत यासाठी. म्हणजे मक्तेदारीचा धोका आयोगाला दिसला होता. पण त्या अटीने कुणाचं रक्षण झालं? जाहिरात देणाऱ्याचं. सामना बघणाऱ्याला दुसरं दुकानच उरलं नाही.

सुरुवातीचा दर तीन महिन्यांना १४९ रुपये होता. फार नाही, असं म्हणता येईल. पण तो एकाच मोबाइलपुरता. घरातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून बघायचं तर वरची योजना घ्या. त्यावर डेटाचा रिचार्ज वेगळा. मालेगावच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार किंवा पुण्यात जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा हा हिशेब करतो, तेव्हा त्याला फुकट्या म्हणणं सोपं आहे. एका फोनभोवती चार डोकी जमवून बघणं हा त्याने काढलेला तोडगा असतो. तेही शेजारच्या टीव्हीवर विकेट पडल्याचा गलका आधी ऐकून आणि आपल्या फोनवर ती नंतर बघून! ऑनलाइन प्रक्षेपण टीव्हीच्या मागे धावतं, हे वर्गणी घेताना कुणी सांगत नाही.

आणि या पैशाच्या बदल्यात जाहिराती तरी बंद होतात का? नाही. 'जाहिरातींविना' म्हणून जी सर्वांत महागडी योजना विकली गेली, तिच्यातही थेट सामने वगळलेले होते. ज्यासाठी माणूस पैसे भरतो, नेमकं तेच वगळलं. षटक संपलं रे संपलं की जाहिरात. विकेट पडली, फलंदाज मान खाली घालून परततोय, पुढचा मैदानात येतोय, कर्णधार क्षेत्ररक्षण बदलतोय, हा खेळाचा सगळ्यात बोलका क्षण, तेव्हाही जाहिरात. कधी चित्र आक्रसून कडेला जाहिरात. २००९ पासून तर आयपीएलमध्ये 'स्ट्रॅटेजिक टाइम-आउट' नावाची खास विश्रांती आणली गेली. आज ती अडीच मिनिटांची, डावात दोनदा, म्हणजे सामन्यात दहा मिनिटं. डावपेच कमी आणि दुकान जास्त.

ही तक्रार फक्त माझ्यासारख्या चिडखोर प्रेक्षकाची नाही. २०१३च्या स्पॉट फिक्सिंगनंतर क्रिकेटचा कारभार सुधारण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांची समिती नेमली. जानेवारी २०१६च्या अहवालात समितीने स्पष्ट शिफारस केली होती : कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांत जाहिराती फक्त उपाहार, चहापान आणि पेयपानाच्या वेळी दाखवा, बाकी वेळ पडद्यावर खेळच राहू द्या. मंडळाने उत्पन्न बुडेल म्हणून कडाडून विरोध केला. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने समितीच्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या, पण जाहिरातींचा प्रश्न मंडळाच्याच विवेकावर सोडला. मांजराला दुधाची राखण करायला बसवलं. पुढे काय झालं ते आपण रोज बघतो.

जाहिराती कसल्या, हाही प्रश्न आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी काही वर्षं आख्खं क्रिकेट व्यापलं होतं. २०२० च्या आयपीएलचं नाव अशाच एका कंपनीच्या नावाने सुरू होत होतं. २०२३ मध्ये तीच कंपनी भारतीय संघाच्या जर्सीवर आली. "जोखीम आहे, जबाबदारीने खेळा" हे शेवटचं वाक्य घोड्याच्या वेगाने म्हटलं जायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेच कायदा करून अशा खेळांवर बंदी आणली, तेव्हा कुठे जर्सी बदलली. तोवर किती घरांतल्या पोरांनी किती घालवले, याचा हिशेब एकाही समालोचकाने मागितला नाही.

इथे आपण मूळ दुखण्याकडे येतो : समालोचक.

समालोचन म्हणजे काय? आकाशवाणीच्या काळात ते ऐकणाऱ्याचे डोळे होते. बॉबी तल्यारखान यांनी मुंबईच्या मैदानावरून इंग्रजीत हा पायंडा पाडला. पुढे सुशील दोशी, जसदेव सिंग यांनी हिंदीत आणि बाळ ज. पंडित यांनी मराठीत तो रुजवला. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. कानाला यंत्र लावून बसलेल्या शेतकऱ्याला, दुकानदाराला, कॉलेजच्या पोराला क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे, चेंडू कुठून कुठे गेला, धावफलक काय म्हणतो, हे सगळं शब्दांतून दिसलं पाहिजे, हीच त्या कामाची परीक्षा होती. ऐकणाऱ्याला काही दिसत नव्हतं, म्हणून त्याला फसवणं हे पाप होतं.

टीव्ही आला, चित्र दिसू लागलं, आणि समालोचकाचं काम अधिक अवघड व्हायला हवं होतं. दिसतंय ते सांगायची गरज नाही; जे दिसत नाही ते सांगा. हा खेळाडू संघात का आणि तो बाहेर का? खेळपट्टी अशी का बनवली? सामना अर्ध्या रात्री का संपतोय? खेळाडूंना दोन मालिकांमध्ये विश्रांती का नाही? पण हे प्रश्न जातात थेट मंडळाकडे. आणि भारतात मायदेशातल्या सामन्यांचं आणि आयपीएलचं चित्रण मंडळ स्वतः करतं, त्या प्रक्षेपणातले समालोचक मंडळच नेमतं. सुनील गावसकर आणि रवी शास्त्री यांचे मंडळाशी थेट करार असल्याचं २०११ मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आलं, तेव्हा थोडी खळबळ झाली आणि विरली. दोघांच्या क्रिकेटच्या जाणकारीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण ज्याच्या घरचं मीठ खायचं त्याच्या घरातली अंडीपिल्ली चव्हाट्यावर कोण मांडणार?

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला, तेव्हा इयन चॅपेल यांनी समालोचनाचं काम नाकारलं. कारण त्यांना आधीच बजावलं गेलं होतं : पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी म्हणजे डीआरएस, संघनिवड आणि मंडळाचा कारभार या तीन विषयांवर बोलायचं नाही. चॅपेल नाही म्हणू शकले, कारण त्यांचं पोट या मंडळावर अवलंबून नव्हतं. आपल्या माणसांचं काय झालं ते बघा. मार्च २०१६ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक चालू असताना अमिताभ बच्चन यांनी ट्वीट केलं की, भारतीय समालोचकाने सारखं परक्यांऐवजी आपल्या खेळाडूंबद्दल बोलावं. कर्णधार धोनीने त्याला दुजोरा दिला. काही दिवसांनी आयपीएल सुरू व्हायच्या तोंडावर हर्षा भोगले यांना वगळण्यात आलं. कारण? मंडळाने ते जाहीर करण्याची तसदी घेतली नाही. कारण न सांगणं हाच बाकीच्यांसाठी निरोप असतो.

२०२० मध्ये संजय मांजरेकर यांची पाळी आली. आदल्या वर्षीच्या विश्वचषकात त्यांनी रवींद्र जडेजाबद्दल तिखट मत मांडलं होतं. मत चुकीचं होतं, जडेजाने बॅटने ते दाखवूनही दिलं. पण चुकीच्या मताला उत्तर मैदानात मिळतं, नोकरी काढून घेऊन नाही. पुढे मांजरेकरांनी मंडळाला पत्र लिहून नियम पाळायची तयारी दाखवली, अशा बातम्या आल्या. त्याच वर्षअखेरीस भारत ऑस्ट्रेलियात खेळत होता, तेव्हा हेच मांजरेकर समालोचन करत होते. फरक एवढाच की, तिथलं प्रक्षेपण आपल्या मंडळाच्या ताब्यात नव्हतं. खेळाडू तेच, समालोचक तोच, प्रेक्षक तेच. बदलला तो फक्त मालक.

मालकाची हद्द कुठवर जाते, हे आयपीएलने सुरुवातीच्या वर्षांतच दाखवलं होतं. षटकाराला 'षटकार' म्हणायची सोय राहिली नाही, तो 'डीएलएफ मॅक्सिमम' झाला. झेल पुरस्कर्त्याच्या नावाचा झाला. जगभर मान असलेले माजी कर्णधार ते शब्द निमूट उच्चारत राहिले. पडद्यावरची जागा विकणं वेगळं आणि माणसाच्या तोंडातला शब्द विकणं वेगळं. एकदा शब्द विकला की, "काय अप्रतिम सामना!" हे वाक्य खरंच मनातून आलंय की करारातून, हे ओळखणार कसं?

या विकलेल्या शब्दांची किंमत कधी कधी फार महाग पडते. भारत-पाकिस्तान सामना म्हटला की महिनाभर आधीपासून युद्धाचे ढोल वाजवले जातात. २०१५च्या विश्वचषकापासून 'मौका मौका'च्या जाहिराती आठवा. चिमटा, टोमणा, हसणं इथवर ठीक. पण वर्षानुवर्षं खेळाला सूड म्हणून विकल्यावर पराभवाच्या रात्री काय होणार? २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत हरला. अकरा जण हरले होते, पण समाजमाध्यमांवर शिव्या पडल्या त्या मोहम्मद शमीच्या नावाने आणि धर्माच्या नावाने. आठवड्याभरात कर्णधार विराट कोहली पत्रकारांसमोर बसला आणि त्याने शमीची बाजू स्वच्छ शब्दांत मांडली. खेळाडू बोलला. पण ज्यांच्या हातात दिवसाचे आठ तास माइक असतो आणि ज्यांनी त्या सामन्यावर गल्ला भरला, त्यांना आपल्या जाहिरातींच्या भाषेचा फेरविचार करावासा वाटला नाही. शिव्या त्यांनी दिल्या नाहीत, हे मान्य. पण वाळलेल्या गवताच्या गंजीजवळ बसून रोज फटाके विकायचे आणि आग लागली की खांदे उडवायचे, याला धंदा म्हणतात. पत्रकारिता नाही आणि समालोचन तर नाहीच.

मराठीचं काय, असं कुणी विचारेल. आता मराठीतूनही समालोचन ऐकायला मिळतं, याचा आनंद आहे. पण ऐका जरा. अर्धी वाक्यं हिंदीतून उचललेली, अधूनमधून सिनेमाचे संवाद, कोटीवर कोटी, आणि दोन चेंडूंच्या मध्ये शांतता म्हणून नाहीच. मराठी बोलीत शेतातलं, बाजारातलं, आखाड्यातलं किती सामान पडलंय! विदर्भाची मराठी वेगळी, कोकणाची वेगळी, सोलापूरकडची वेगळी. त्या सगळ्या भाषेला माइकसमोर जागा मिळाली तर प्रक्षेपण कानाला गोड लागेल. पण इथेही मराठी दिली जाते ती नवी गिऱ्हाइकं जोडायला. भाषा बदलली तरी बोलायच्या मर्यादा त्याच. मराठीतून गप्प बसणं हे इंग्रजीतून गप्प बसण्यापेक्षा काही थोर नाही.

"कायदा आहे ना," असं काही जण सांगतात. आहे. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात, आयपीएल येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, हे चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या भूप्रसारणावर आणि डीटीएचवर दाखवता येईल, खासगी केबलवाल्यांमार्फत नाही. म्हणजे ज्याच्या घरावर फ्री डिशची छत्री आहे, त्याची सोय झाली. पण आज माणूस सामना बघतो कुठे? हातातल्या फोनवर. २००७चा कायदा लिहिला गेला तेव्हा तो फोन जन्मायचा होता. खेळ पुढे गेला, कायदा अजून गच्चीवरच्या अँटेनापाशी उभा आहे.

इंग्लंडने या वाटेवरचा खड्डा आधीच बघून ठेवलाय. २००५ ची अ‍ॅशेस मालिका तिथे चॅनेल फोरवर सगळ्यांना फुकट दिसली आणि देश वेडा झाला. लगेच पुढच्या वर्षापासून कसोटी क्रिकेट पैसे भरणाऱ्यांच्या वाहिनीवर गेलं. मंडळाची तिजोरी भरली, पण एक आख्खी पिढी आपल्या घरातल्या टीव्हीवर कसोटी न बघता मोठी झाली. २०१९ मध्ये इंग्लंड विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला, तेव्हा तो एक सामना पुन्हा सर्वांसाठी खुला करावा लागला. आपण त्याच खड्ड्याकडे हसत चाललो आहोत.

मग मागायचं काय? माझ्या मागण्या चार आहेत आणि एकही आकाशातला चंद्र मागणारी नाही.

एक, समालोचकाचा पगार कोण देतं, हे पडद्यावर लिहा. जाहिरातीत 'सशुल्क प्रचार' लिहावं लागतं, मग इथे लाज कसली? मंडळाचा माणूस असेल तर मंडळाचा म्हणा. ऐकणारा आपली चाळणी आपण लावेल.

दोन, वर्गणी भरणाऱ्याला जाहिरातींपासून खरी सुटका द्या. निदान षटकातला पहिला आणि शेवटचा चेंडू आणि विकेटनंतरचा एक मिनिट तरी खेळाचा राहू द्या. लोढा समितीची शिफारस कपाटातून बाहेर काढा.

तीन, २००७ चा कायदा फोनपर्यंत आणा. भारताच्या सामन्यांचं निदान आवाजी प्रक्षेपण, कमी डेटात चालणारं, मराठीसह सर्व भाषांत फुकट द्या. डोळ्यांनी न दिसणाऱ्या श्रोत्यांचा आणि काम करता करता ऐकणाऱ्यांचा तो पहिला हक्क आहे.

चार, समालोचकाला काढलं तर कारण लेखी जाहीर करा. एवढं झालं तरी निम्म्या जिभा मोकळ्या होतील.

आणि एक काम आपलंही आहे. वर्गणी भरणाऱ्यांनी भरावी, न परवडणाऱ्यांनी भरू नये, त्यात कुणाची देशभक्ती तपासू नये. पण भरलीच तर पावती सांभाळून ठेवा आणि हिशेब मागा. वर्गणी भरूनही जाहिरातच बघावी लागली, तर तशी तक्रार त्या अ‍ॅपकडे नोंदवा. ग्राहक आयोगाकडे जा. वर्तमानपत्राला पत्र लिहा, मराठीत लिहा. ४८ हजार कोटींचा हा डोलारा आपल्या डोळ्यांवर आणि कानांवर उभा आहे. ते आपले आहेत, लिलावात मांडलेले नाहीत, हे एकदा बजावून सांगायला हवं.